सरळ रेघ

रायपूरच्या गुढियारीतल्या आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज यार्डातल्या मालगाड्यांचा. दिवसभर डबे जोडणं-तोडणं चाललेलं असायचं. एक डबा दुसऱ्यावर आदळला की तो दणका पुढच्या डब्याला, मग त्याच्या पुढच्याला, असा लांबवर जात राहायचा. पाहुणे दचकायचे, आम्ही नाही. आम्ही दचकलो ते एका बारक्या आवाजानं. बाबा सकाळी ओट्यावर चहा पीत बसले होते, मी आत वेणी घालत होते, आणि कप बशीवर वाजायला लागला. टणटण, मग थोडं थांबून पुन्हा टणटण. मला वाटलं भांड्यांत मांजर शिरली. बाहेर येऊन पाहिलं तर बाबा उजवा हात डाव्या हातानं धरून बसले होते, आणि आई समोर उभी राहून, काहीच झालं नाही अशा आवाजात विचारत होती, "अजी, आज भाजी कोणती करू?" दुसऱ्या दिवसापासून तिनं त्यांना चहा स्टीलच्या ग्लासात द्यायला सुरुवात केली, तोही अर्धाच भरून. आमच्या घरात दुखण्याबद्दल बोलायची रीत नव्हती. त्याच्याभोवती वस्तू हलवायची रीत होती.

बाबा रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. आजोबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून गँगमन म्हणून आले आणि रायपूरचेच झाले. बाबा त्यांच्याहून एक पायरी वर चढले आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. नट नुसता अंगठ्याखाली फिरवून तो कोणत्या पान्याचा ते सांगायचे. जेवतानासुद्धा त्यांचे हात काहीतरी तपासत असायचे, ताटाची कड, पाटाचा पाय. पण हात थरथरू लागला आणि डॉक्टरांच्या तपासणीनंतर कारखान्यानं त्यांना हत्यार-खोलीत बसवलं. फिटर येतो, पितळी टोकन टाकतो, खोलीतला माणूस त्याला हवं ते हत्यार काढून देतो, काम एवढंच. ज्यांना बाबांनी पाना धरायला शिकवलं तेच टोकन टाकायला यायचे. सगळे अदबीनं बोलायचे, भैया म्हणायचे. त्या अदबीनंच बाबांना जास्त लागलं असावं. एका वर्षाच्या आत ते नोकरी सोडून घरी आले. कारखान्यातून आणलेला डबा त्यांनी आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता उद्यापासून डबा नोको बांधू." आईनं तो डबा घासला, पुसला, आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मोठा भाऊ नोकरीसाठी बाहेरगावी, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. बाबा घरी आले आणि घर एकदम लहान वाटायला लागलं. ते खाटेवर बसलेले असायचे आणि आई उगाच भांडी वाजवत असायची. त्या हिवाळ्यात तिला बाजारात तिवऱ्याची भाजी दिसली. इकडं तिवरा म्हणतात ती आमच्याकडची लाखोळी, हे तिला इतक्या वर्षांत ठाऊक होतंच, पण दरवर्षी ती पहिली जुडी पाहून तेवढीच हरखायची. त्या दिवशी तिनं लसूण घालून भाजी केली, सुकट भाजली, गरम भात वाढला. बाबांनी घास उचलला आणि भात ताटात, सतरंजीवर, सदऱ्यावर सांडला. त्यांनी ताट सरकवलं. आईनं ते पुन्हा त्यांच्यापुढं ओढलं, चमचा ठेवला, आणि स्वतःही चमच्यानं जेवायला बसली. आयुष्यात कधी चमच्यानं न जेवलेली बाई. मीही उठून चमचा घेतला. आजही तिवऱ्याची भाजी ताटात आली की माझा हात आधी चमच्याकडं जातो.

मोटरसायकल आली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. चौबे कॉलोनीत एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांच्याकडं जुनी विलायती गाडी होती आणि बाबा सुट्टीच्या दिवशी जाऊन ती चालती ठेवायचे. डॉक्टर वारले, पोरं परदेशी, गाडी पत्र्याखाली पडून पडून गंजली. त्यांच्या बायकोनं निरोप पाठवला की मेश्रामजी, ही तुम्हीच घेऊन जा, तुमच्याशिवाय हिचं कोणाला काय कळतं. बाबांचा कारखान्यातला जुना जोडीदार रामाधार हातठेला घेऊन गेला. गाडी आमच्या दारात आली तेव्हा तिची दोन्ही चाकं जाम होती, टाकीवरचं नाव घासून गेलं होतं आणि सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं. इंजिनाचे काही भाग पोत्यात होते. आई कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. "हे काय आणून ठेवलं दारात?"

"दारात नाई, मागं ठेवतो," बाबा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज नेहमीसारखा वाटला. "सहा महिन्यांत चालू करतो. चालू झाली का कारखान्याच्या गेटावर नेऊन उभी करतो. पाहू दे साऱ्याले."

"हव भैया," रामाधार हसून म्हणाला, "मैं पीछे बैठहूँ."

मागच्या पत्र्याच्या छपराखाली बाबांनी कारखाना मांडला. जुन्या दाराचं टेबल केलं, त्यावर भाग पकडून धरणारा शिकंजा बसवला. भिंतीवर खिळे ठोकून पाने आकारानुसार लटकवले आणि प्रत्येकाच्या मागं खडूनं त्याची आकृती काढली, म्हणजे कोणता जागेवर नाही ते लांबून कळावं. सुटे भाग परातीत घासलेटमध्ये भिजायचे. ती परात आईची होती. तिनं तिच्यावर पाणी सोडलं. मला बाबांनी बोलावलं ते फक्त धरायला. "हे धर, इकडून दाब, उजेड दाखव." मग धुवायला. मग एकेक भाग कागदावर मांडून, तो कुठून निघाला ते लिहून ठेवायला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाबा बोलत होते, आणि ते बोलत आहेत म्हणून मी ऐकत होते. ऐकता ऐकता कळायला लागलं. पिस्टन खालून वर येतो तेव्हा झडपा बंद का असतात, ठिणगी नेमकी कधी पडायला हवी, नट बोटांनी आधी दोन-तीन वेढे फिरवून मगच पाना का लावायचा. "आटे जुळले तर नट स्वतःहून जाते. जोर लावा लागला तर समजाचं का काहीतरी चुकलं." मी कॉलेजात तीन वर्षं राज्यशास्त्र शिकले, त्यातलं एक वाक्य आता आठवत नाही, हे आठवतं.

माझी नखं काळी झाली. आईला ते आवडायचं नाही. "पोट्टीले पाहाले लोक येतीन आन हात लपवत बसन," असं ती म्हणायची, आणि संध्याकाळी स्वतःच लिंबाची साल घेऊन माझी बोटं घासून द्यायची.

इंजिन जोडायचे दिवस आले तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबा हट्टानं प्रत्येक नट स्वतः बसवायचे. मी धरायचे, ते फिरवायचे. नट हातातून पडायचा, मी उचलून द्यायचे, पुन्हा पडायचा. पाचव्या-सहाव्या वेळी बसायचा, पण तिरपा. त्यांच्या बोटांना ते कळायला हवं होतं, पूर्वी कळलंच असतं. आता बोटं स्वतःच इतकी हलत होती की त्यांना दुसरं काही कळत नव्हतं. ते पाना लावून जोरानं आवळायचे. लोखंड कुरकुरल्याचा आवाज यायचा. तो आवाज मला ऐकू यायचा आणि मी त्यांच्या तोंडाकडं पाहायचे. त्यांनाही ऐकू येत होता का, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

दुपारी जेवून ते झोपायचे. थरथरीवरच्या गोळ्यांनी त्यांना गाढ झोप लागायची. एक दिवस मी मागं गेले, इंजिनाच्या वरच्या झाकणाचे चारही नट उघडले, आटे साफ केले, आणि पुन्हा नीट बसवले. त्यांच्या हातानं ती गाडी तशीच जोडली गेली असती तर ती चालली नसती; चाललीच असती तर गेटापर्यंत जाण्याआधी नट सुटून बंद पडली असती, आणि तेही सगळ्यांसमोर. ते मला पाहवलं नसतं. मग रोजचंच झालं. सकाळी बाबा जोडायचे, दुपारी मी उघडून पुन्हा जोडायचे. संध्याकाळी ते उठून यायचे, कापडानं इंजिन पुसायचे आणि म्हणायचे, "चांगली बसून राहिली." मी म्हणायचे, "हो बाबा." आई आतून हे सगळं पाहत होती.

डब्यांच्या कारखान्यात एक सवय असते. महत्त्वाचा नट आवळून झाला की त्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची. पुढं कधी नट ढिला झाला, फिरला, की रेघ तुटलेली दिसते. बाबांनी तोवरचं सगळं जोडून झाल्यावर बारीक ब्रश आणि रंगाची डबी काढली आणि प्रत्येक नटावर अशी रेघ ओढली. एक अख्खी सकाळ लागली त्यांना. दुपारी मी त्यातले माझे उघडायचे राहिलेले नट उघडले तेव्हा अर्थातच रेघा मोडल्या. मी घासलेटच्या बोळ्यानं त्या पुसल्या आणि नट बसवून झाल्यावर पुन्हा ओढल्या. एकसारखा रंग दिसावा म्हणून मी आधी बसवलेल्या नटांवरच्या रेघाही पुसून नव्यानं ओढल्या. मला वाटलं, काम चोख झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. बाबांनी मागून हाक मारली. ते उकिडवे बसले होते, इंजिनाजवळ डोळे नेऊन.

"शैला, ही रेघ कोणाची आहे?"

"तुमचीच. कालच नाही का ओढली तुम्ही."

त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "माझी रेघ अशी सरळ नाई येत आता."

मी राखेनं भरलेले हात घेऊन तशीच उभी राहिले. एकोणीस वर्षांची पोरगी, कॉलेजात शिकणारी, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. वाकडी रेघ ओढावी हे मला सुचलंच नव्हतं. मला फक्त नीट काम करायचं ठाऊक होतं, आणि ते त्यांनीच शिकवलं होतं.

"किती दिवसांपासून करून राहिली हे?"

"इंजिन जोडायला घेतलं तेव्हापासून."

"सारेच उघडले?"

"सारे नाही."

"मंग दाखव मले. माझे कोणते ते दाखव."

मी मागच्या चाकाचा धुरा दाखवला. तो खरंच त्यांचा होता, त्याला मोठा पाना लागतो आणि जोर लागतो, तिथं हात थरथरला तरी चालतं. पण एकच दाखवून माझं बोट थांबेना. मी हँडलच्या खालचे दोन नट दाखवले आणि म्हणाले, "हेही तुमचेच आहेत." त्यांनी त्या दोन नटांकडं पाहिलं. तिथंही रेघ सरळच होती. मग ते भिंतीला धरून उठले, आत गेले आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले.

आईनं मला त्या दिवशी रागावलं नाही. दोन दिवसांनी, पाण्याच्या नळावर, हंडा भरता भरता ती म्हणाली, "मी त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या रोज लावून देतो. आंघोळ करून आले का मी समोर जातो आन काहीतरी भांडण काढतो, का तेल संपलं, का पोराची चिठ्ठी नाई आली. भांडता भांडता गुंड्या लावून होतात. त्याहिले माहीत आहे, मलेही माहीत आहे. तुनं वाईट नाई केलं, शैले. पण तू गपचूप केलं आन वर चांगलं करून दाखवलं." हंडा भरून वाहायला लागला तरी ती तशीच उभी होती. मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं ते तिथं, बायकांच्या रांगेत, भर सकाळी.

बाबा मागं यायचे बंद झाले. रामाधार यायचा, ओट्यावर बसायचा. एकदा त्यानं विचारलं, "भैया, गेट कब जाबो?" बाबा म्हणाले, "गेटपर क्या लेके जाऊं? मैंने कौनसी बनाई?" त्यानंतर गेटाचा विषय निघाला नाही. मी ठरवलं की आता मी एकटीनं ती गाडी पुरी करायची. हे मी प्रेमापोटी केलं की अपराधाच्या भावनेपोटी, की नुसत्या रागानं, हे आता सांगता येणार नाही. त्या वयात ही तिन्ही एकाच भांड्यात शिजतात. राहिलेलं काम अवघड होतं. एक झाकण बसता बसेना. मी हातोडा उचलला आणि ठोकायला लागले.

तिसऱ्या ठोक्याला आतून आवाज आला, "हातोडा ठेव! ॲल्युमिनियम आहे ते, फाटून जाईन!"

मी हातोडा ठेवला. बाबा दारात उभे होते, अनवाणी, सदऱ्याच्या गुंड्या उघड्या. लाकडी स्टूल ओढून ते बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले आणि म्हणाले, "डाव्या बाजूनं उचल. आतमंदी एक खिट्टी आहे, ती अडून राहिली." होतीच. त्या दिवसापासून ते रोज येऊन बसायचे, हात मांड्यांखाली ठेवूनच. पान्याला शिवायचे नाहीत. मी काही चुकले तर स्टुलावर पुढं सरकायचे आणि पुन्हा मागं व्हायचे. मला माझ्या वडिलांनी जे काही दिलं ते त्या पावसाळ्यात, त्या स्टुलावरून दिलं. पण ते देणाऱ्या माणसाचे हात मला दिसत नव्हते, आणि जिवंत माणसाचे हात दिसू नयेत याचं दुःख काय असतं ते मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. बाबा त्यानंतर चार वर्षं होते. शेवटच्या वर्षात आई त्यांना भरवायची, आणि तेव्हा ती भांडणं काढत नसे, कारण त्यांना उत्तर देता येत नव्हतं. गाडी नंतर भावानं विकली, मी अडवलं नाही. मी शाळेत मास्तरीण झाले, निवृत्त झाले, आता तेलीबांध्याच्या बाजूला एका फ्लॅटमध्ये राहते, जिथं मालगाड्यांचा आवाज येत नाही. माझी भाचेसून कधी विचारते, "बुआजी, आप सच में इंजन खोलती थीं?" मी हो म्हणते. तिला ते गमतीचं वाटतं आणि मी वाटू देते.

आता गाडी चालू करायचा तो दिवस. दसरा होऊन गेला होता, ऊन कोवळं होतं. टाकीत मी बाटलीभर पेट्रोल ओतलं. बाबांनी स्टुलावरून सगळं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, शाळेतल्या पाढ्यांसारखं. पहिल्या किकेला काही नाही. दहाव्या किकेला किक उलटी आली आणि माझी नडगी सोलली. आई म्हणाली, "पुरे झालं, पोट्टीचा पाय मोडन." बाबा म्हणाले, "हँडलवरची ती ठिणगीची दांडी अजून मागं घे. आता मार." मी मारली. एक खोकला, मग दुसरा, मग छपराचा पत्रा थरारला आणि इंजिन चालू झालं. भिंतीवरचे पाने खिळ्यांवर वाजायला लागले. शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या. उभ्या गाडीचं इंजिन वाऱ्याशिवाय तापतं, हे बाबा आईला कधी बोलले होते कोण जाणे. ती आतून टेबलपंखा घेऊन आली, वायर खिडकीतून ओढली आणि इंजिनाच्या तोंडासमोर पंखा लावला.

बाबा उठले. इतके दिवस मांड्यांखाली दाबलेले हात त्यांनी टाकीवर ठेवले, दोन्ही पालथे. मी हँडल धरून समोर उभी होते. टाकी थरथरत होती, हँडल थरथरत होतं, माझे हात कोपरापर्यंत थरथरत होते. त्यांचेही. कोणाचे जास्त, कोणाचे कमी, काही कळत नव्हतं. त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं, मग स्वतःच्या, आणि कितीतरी महिन्यांनी ते लपवले नाहीत. मला वाटलं, हे असंच चालू राहावं.

"बंद कर," ते म्हणाले. "तापून राहिली."

"बाबा, थोडा वेळ."

"तापून राहिली म्हणतो ना. पिस्टनवर नवीन रिंगा आहेत, जळून जातीन."

मी बंद केली नाही. मग त्यांनी एक हात उचलला आणि टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉककडं नेला. लहानशी पितळी दांडी, पाव वेढा फिरवली की पेट्रोल बंद. पहिल्यांदा बोटं तिच्यावरून घसरून गेली. दुसऱ्यांदा बाजूच्या नळीवर आपटली. माझा हात आपोआप पुढं गेला, आणि आईनं माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. आम्ही दोघी उभ्या राहिलो. बाबांनी खाली वाकून, डाव्या हातानं उजवं मनगट धरून, पुन्हा बोटं नेली. किती वेळ गेला कोण जाणे. दांडी फिरली.

कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन अजून थोडं चाललं. मग बंद पडलं. बाबा स्टुलावर बसले आणि आईला म्हणाले, "हिच्या पायाले हळद लाव."